तयार मालाच्या गोदामातला अभ्यास

५ जुलै

आजपासून मी पदव्युत्तर विद्यार्थी. विषय : कामगार व रोजगार कायदा. मुदत दोन वर्षं, लेक्चर रविवारी. वय सेहेचाळीस, पण ओळखपत्राच्या फोटोत चाळिशीच्या आतला दिसतो. फोटोग्राफरने मान जरा वर करायला सांगितली होती. ती मी इथून पुढेही तशीच ठेवणार आहे.

अठरा वर्षं या गाद्यांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतोय. गाड्या भरायच्या, चलनं फाडायची, ड्रायव्हरांशी भांडायचं. आणि एचआर मॅनेजर म्हणून आली कोण, तर माझ्या धाकट्या मेहुणीहून लहान मुलगी. ती मला म्हणाली होती की सर, तुम्ही स्किल्स अपग्रेड करा. आता करतोय. दोन वर्षांनी तिच्या केबिनमधली खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलंय. खिडकीशी.

हिला बातमी दिली. ही म्हणाली, बरं. थोड्या वेळाने म्हणाली, त्या कीबोर्डचं काय झालं? कीबोर्डचा विषय वेगळा होता. त्यात मास्तरच बरा नव्हता.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे, दोन तास वाचन. चार रंगांचे हायलायटर आणले. पिवळा महत्त्वाचं, हिरवा फार महत्त्वाचं, गुलाबी परीक्षेत येणारं. निळ्याचं अजून ठरायचंय.

६ जुलै

पाचचा गजर झाला. ही उठली.

७ जुलै

पाचचा गजर झाला. कन्या उठली. म्हणाली, बाबा, तुमच्या अभ्यासामुळे माझा अभ्यास व्हायला लागलाय. घरात वातावरण तयार होतंय हे महत्त्वाचं.

९ जुलै

पहाटे मेंदू ताजा असतो ही अफवा मालकांनी पसरवलेली आहे. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे (प्रकरण पहिलं, पान तीन, पिवळा). गजर बंद केला.

आणि आज आदर्श जागा सापडली. तयार मालाचं गोदाम. जेवणानंतर तिथे चिटपाखरू नसतं. गाद्यांच्या थप्प्या छपरापर्यंत, त्यामुळे आवाज आत येत नाही. तपासणीसाठी दोन-चार गाद्या खाली मांडलेल्या असतात, त्यातल्या शेवटच्या डबलबेडवर आडवं होऊन वाचलं की पाठीलाही बरं. गोदामात मामा असतात. कंपनीचे गादी तपासनीस. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. प्रत्येक गादीवर पडून, कूस बदलून, कुठली स्प्रिंग बोचते ते सांगायचं हेच त्यांचं काम. हे काम लहानपणी कुणी सुचवलं असतं तर मी शिकलोच नसतो.

मामांनी फक्त बूट काढायला लावले. कापड पांढरं असतं. दोन पानं वाचली. दुसरं पान बऱ्याचदा वाचलं. मग डोळे मिटून मनन केलं. सुट्टी संपल्यावर मामांनी खांद्याला हात लावून सांगितलं की साहेब, गाडी लागलीय. चांगला माणूस.

१३ जुलै

पहिलं लेक्चर. वर्गातली सगळी मुलं कन्येच्या वयाची. मला बघून उभी राहिली, त्यांना वाटलं मीच प्राध्यापक. मीही लगेच काही बोललो नाही.

खरे सर नंतर आले. म्हणाले, मालक आणि नोकर यांना एकमेकांवाचून करमत नाही आणि एकमेकांबरोबर पटत नाही, म्हणून हा कायदा. मी एक प्रश्न विचारला. प्रश्न पार्श्वभूमीसकट विचारल्यामुळे तास संपला. सर म्हणाले, उरलेलं बाहेर बोलू. बाहेर गेलो तर सर नव्हते. विद्वान माणसं अशीच विसराळू.

१७ जुलै

हिने सकाळी जाहीर केलं की उद्यापासून डबा मी स्वतः भरायचा. तिने तीन तपं भरला, म्हणे. लग्नाला वीसच वर्षं झालीत, पण आकड्यावरून वाद घातला नाही, तत्त्वावर घातला. सेवाशर्ती एकतर्फी बदलता येत नाहीत. आधी नोटीस द्यावी लागते, मग चर्चा. हे सगळं पुस्तक उघडून दाखवलं. हिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तिला साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी आहे, ते या पुस्तकात कुठे लिहिलंय?

घरकाम हे या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर आहे, असं सांगून आंघोळीला गेलो.

१८ जुलै

डबा भरला. झाकण लावायचं राहिलं.

२५ जुलै

अभ्यास जोरात. जेवणानंतर रोज गोदामात मनन. प्रकरण पहिलं जवळजवळ संपत आलंय. मामांनी आता माझ्यासाठी एक उशीही काढून ठेवलीय. नमुन्याची आहे. उशीमुळे मानेचा कोन बदलतो आणि आशय खोलवर उतरतो.

ऑफिसात माझ्या कायद्याचा दबदबा वाढतोय. काल एचआरबाईंना सांगितलं की जिन्यातला दिवा बंद असणं हा कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, नुसत्या दिव्याचा नाही. त्या म्हणाल्या, मग दिवा लावून घ्या ना सर, इलेक्ट्रिशियन तुमच्याच डिस्पॅचमध्ये बसून असतो.

३० जुलै

गोदामात अनिष्ट प्रकार.

जेवणानंतर नेहमीप्रमाणे मनन चालू होतं, सुट्टी संपल्यावरही जरा लांबलं होतं. पलीकडच्या दारातून सुपरवायझर ओरडल्याचा आवाज आला. कोण झोपलंय तिकडे, असं काहीतरी. मामांनी मला हलवलं. मी बूट हातात घेऊन मागच्या दाराने डिस्पॅचला आलो. घटना ताजी असताना आपण तिथे गर्दी करू नये, असं एक साधं तत्त्व आहे.

संध्याकाळी कळलं की सुपरवायझरने मामांवर रिपोर्ट केलाय. कामाच्या वेळी झोपणे. थप्पीच्या टोकाला त्याला दोन पाय दिसले, घोरणं ऐकू आलं, आणि वळसा घालून पोचेपर्यंत मामा गादीशेजारी उभे होते. गादीत खड्डा होता. मामा काही बोलले नाहीत, म्हणे.

बोलले नाहीत याचा अर्थ उघड आहे. मी झोपलो नव्हतो हे त्यांनाही माहीत आहे.

२ ऑगस्ट

मामांना चार्जशीट मिळालं. डोमेस्टिक इन्क्वायरी होणार, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत खटला. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाईल. मामांची निवृत्ती तीन वर्षांवर आलीय आणि कारखान्यामागच्या ज्या दोन खोल्यांत ते राहतात त्या नोकरीबरोबरच जातात. घरी म्हातारी आई, खाटेवरून उठत नाही.

मामा डिस्पॅचला आले. उभेच राहिले. म्हणाले, साहेब, बाजू मांडायला आपल्यातला एक माणूस घेता येतो म्हणतात. तुम्ही याल का? तिथे फक्त काय घडलं ते सांगायचंय.

माझ्या अंगावर काटा आला. पहिली केस! महिन्याभराच्या शिक्षणात! मी म्हटलं, मामा, निर्धास्त राहा. मामांचा चेहरा खरंच सैल झाला. म्हणाले, मला वाटलंच होतं तुम्ही नाही म्हणणार नाही. आईला सांगतो.

भोळा माणूस. प्रतिनिधी काय घडलं ते सांगत नसतो. ते साक्षीदार सांगतात. प्रतिनिधी युक्तिवाद करतो. हा फरक त्यांना सवडीने समजावला पाहिजे.

३ ऑगस्ट

लेक्चर. सरांना विचारलं की समजा, निव्वळ समजा, एखाद्या प्रतिनिधीला त्या प्रसंगाबद्दल थोडं प्रत्यक्ष ठाऊक असेल, तर त्याने साक्ष द्यावी का? सर म्हणाले, प्रतिनिधी आणि साक्षीदार एकच माणूस असणं योग्य नाही. मी हे तीनही रंगांनी रंगवलं.

सर पुढे म्हणाले की अशा वेळी त्याने प्रतिनिधी होणं सोडावं आणि साक्ष द्यावी. पण तोवर माझे हायलायटर कोरडे पडले होते.

एकूण कायद्याने माझे हात बांधलेले आहेत. मी साक्षीला उभा राहिलो तर मामांचा बचाव कोण करणार? त्यांच्या भल्यासाठी मला गप्प राहणं भाग आहे.

८ ऑगस्ट

तयारी. मेहुण्याचा काळा कोट आणला. बाह्या आखूड आहेत, पण हातवारे करताना त्या तशाही वर जातातच. आरशासमोर उलटतपासणीचा सराव केला. कन्येला सुपरवायझर केलं. तिने पहिल्याच प्रश्नाला विचारलं की बाबा, मग झोपलं कोण होतं? तिला सांगितलं की साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. ती म्हणाली, मग मी अभ्यासाला जाते.

१२ ऑगस्ट

मामा पुन्हा आले. विचारत होते, तारीख यायच्या आत तुम्ही एचआरबाईंशी एकदा बोलाल का? म्हणजे इन्क्वायरीपर्यंत जायलाच नको. आई रोज विचारते, सामान बांधायचं का? आता तिने खाटेखालची भांडी बाहेर काढायला लावलीत.

मी त्यांना नैसर्गिक न्यायाची तत्त्वं समजावली. दोन्ही तत्त्वं. उदाहरणांसकट. मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, बरं साहेब. जाताना दारात थोडे थांबले, पण मग गेलेच. माझ्या विवेचनाने भारावले असावेत.

जेवणानंतर गोदामात जाणं सध्या बंद केलंय. वकील आणि अशील यांत अंतर हवं. डिस्पॅचमध्ये खुर्चीवर मनन नीट होत नाही, मान लटकते.

१५ ऑगस्ट

ही म्हणाली, दुपारी घरी फोन केलास की हल्ली चिडचिड करतोस, झोप होत नाही का? दुपारी मला झोपेची गरज का असावी, हे मला समजलं नाही. तसं तिला सांगितलं. 

१९ ऑगस्ट

काय दिवस! सगळं क्रमाने लिहितो.

इन्क्वायरी मीटिंग रूममध्ये. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून एक निवृत्त वकील आणले होते. गालात पेपरमिंट, हातात जाडजूड पेन. एका बाजूला एचआरबाई आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला मामा आणि मी. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी टेबलाखाली बूट सैल केले आणि मग काढलेच. पाय मोकळे असले की डोकं चालतं.

सुपरवायझरने जबाब दिला. पाय दिसले, घोरणं ऐकलं. चढावर मालट्रक चढावा तसं घोरणं, म्हणे. असली अतिशयोक्ती मी तिथेच नोंदवून घ्यायला लावली.

मग मी उठलो. विचारलं, चेहरा पाहिलात? नाही म्हणाला. फक्त पाय? हो म्हणाला. मग ते मामांचेच कशावरून? तो म्हणाला, तिथे दुसरं कोण असणार? मी म्हटलं, प्रश्न मी विचारतोय. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. एचआरबाई पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघत होत्या. त्यांच्या केबिनमधल्या खुर्चीची दिशा बदलून दाराकडे करावी का, असं मला क्षणभर वाटून गेलं.

पुस्तकात लिहिलंय की हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा. ते पान मी मनन करून वाचलं होतं. मी बसलो नाही. म्हटलं, त्या पायांचं वर्णन करा.

सुपरवायझर म्हणाला, मोजे होते. चॉकलेटी. डाव्या पायाचा अंगठा बाहेर आला होता.

मी वळलो. मामांना पाय खुर्चीवर ठेवायची विनंती केली. अनवाणी पाय, खाली रबरी चप्पल. मी जाहीर केलं की या माणसाने अख्ख्या नोकरीत मोजे घातलेले नाहीत, कारण स्प्रिंग तळपायालाही कळावी लागते. अख्ख्या कारखान्याला विचारा. खोलीत शांतता पसरली. अशी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदाच निर्माण केली होती.

अधिकाऱ्यांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि विचारलं की मग ते पाय कुणाचे? मी म्हटलं, हा मुद्दा आपल्यासमोर नाही, सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. ते म्हणाले, बरोबर आहे. आणि लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांचं पेन घरंगळलं.

ते टेबलाखाली वाकले. पेन सापडायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाकून राहिले. मग एचआरबाई वाकल्या. मग सुपरवायझर. तिघेही खालीच.

मामा तेवढे वाकले नाहीत. ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

माझ्याकडे चॉकलेटी मोज्यांचा एकच जोड आहे, काळ्या कोटावर तोच शोभतो.

२० ऑगस्ट

मामा निर्दोष. लेखी आदेश निघाला. पहिली केस, पहिला विजय. एवढ्या कमी शिक्षणात इतकं स्वच्छ यश वर्गात कुणाला मिळालं असेल असं वाटत नाही.

त्याच कामकाजातून माझ्यावर चार्जशीट निघालं, हा तांत्रिक भाग आहे.

२१ ऑगस्ट

मामा भेटायला येतील म्हणून दिवसभर जागेवर थांबलो. कामात असतील.

२४ ऑगस्ट

प्रतिनिधी शोधतोय. अकाउंट्सवाला म्हणाला, त्याची मान दुखतेय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जिन्यातला दिवा बघायला जायचंय. कॅन्टीनवाली बाई म्हणाली, येईन की, पण भाऊ, तुम्ही झोपला होता ना? तिला सांगितलं की हा प्रश्न नाही. ती म्हणाली, मग प्रश्न काय आहे?

लेक्चरला गेलो नाही. सर्दीची लक्षणं आहेत.

२६ ऑगस्ट

हिला कुणीतरी सांगितलंच. आधी खूप हसली. मोजा शिवायला टाक म्हणून चार वेळा सांगितलं होतं, म्हणाली. कन्या पण हसली. मीही हसण्यात सामील झालो. विनोदबुद्धी असावी माणसाला.

मग ही हसायची थांबली. विचारलं, त्या मामांच्या खोल्या गेल्या असत्या तर रे? मी म्हटलं, पण गेल्या नाहीत ना. ही म्हणाली, त्यांची आई भांडी बाहेर काढायला लावत होती आणि तू आरशासमोर हातवारे करत होतास. मी म्हटलं, काटेकोर बोलायचं तर त्या माझ्यामुळेच वाचल्या. हिने ताट वाढलं आणि आत जाऊन बसली. कन्याही तिच्या मागोमाग आत गेली.

जेवण गार झालं होतं. मला वाटतं, निकाल थोडा विरोधात गेलाय.

२९ ऑगस्ट

एचआरबाईंनी बोलावलं. दोन पर्याय दिले. इन्क्वायरी लढवा, किंवा चूक कबूल करून ताकीद घ्या आणि तपासणी विभागात बदली घ्या. मामांना बरीच वर्षं मदतनीस हवाच होता, म्हणाल्या. नोकरी शाबूत, हुद्दा नाही.

बाणेदारपणे सांगितलं की अपील करीन. कुठे करायचं ते पुढच्या प्रकरणात असेल. त्या म्हणाल्या, सर, संध्याकाळपर्यंत सांगा. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, त्या दिवशी पहिले तीन प्रश्न मात्र तुम्ही छान विचारलेत. हे टोचून बोलल्या की मनापासून, ते अजून ठरवता येत नाही.

मामांकडे गेलो. प्रतिनिधी म्हणून याल का, विचारलं. तसे ते लगेच हो म्हणाले. पण साहेब, म्हणाले, मला कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल.

सही करून दिली.

४ सप्टेंबर

तपासणी विभाग, तिसरा दिवस. काम सोपं आहे. गादीवर आडवं व्हायचं, कूस बदलायची, बोचलं की खडूने खूण करायची. डोळे उघडे ठेवायचे. सुपरवायझर मधूनमधून दारातून हाक मारतो, तेव्हा हात वर करायचा. आठ तास गादीवर असतो आणि पापणीला पापणी लागत नाही. घरी जाऊनही लागत नाही.

मामा कामापुरतं बोलतात. उशी परत नमुन्यांत ठेवून दिलीय त्यांनी.

आज न राहवून विचारलं की मामा, त्या दिवशी सुपरवायझर आला तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंत? ते एका कोपऱ्यावर हात दाबून बघत होते. म्हणाले, वाटलं तुम्ही सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. नंतर आईला रोज तेच सांगत राहिलो, साहेब आज सांगतील. मग म्हणाले, ही स्प्रिंग मऊ पडलीय, खूण करा.

खूण केली. खूप वाईट वाटलं. 

जेवणानंतर काम थोडं कमी होतं. म्हटलं, आडवा आहेच, तर प्रकरण दुसरं सुरू करावं. पुस्तक उघडलं. मामा दुसऱ्या गादीवरून म्हणाले, साहेब, कामाच्या वेळी वाचायचं नाही.

पुस्तक मिटून खाली ठेवलं आणि दुसऱ्या कुशीवर वळलो.